डावी कड

चिंचखेडीची माणसं बाजारात लांबूनच ओळखू येत. दर्यापूरच्या बाजारात सगळी दुनिया घोळक्याने हिंडते, नवराबायको गप्पा मारत रस्ता अडवतात, पोरं कुठूनही कुठेही पळतात. पण चिंचखेडीचे लोक आले की एकामागे एक, रस्त्याच्या डाव्या कडेने, माना सरळ. मग पाच जण असोत की पंधरा. भाजीवाल्या बायका त्यांना 'मुंगळे' म्हणत. "आले पाहा मुंगळे," असं म्हणून मेथीच्या जुड्या आधीच वर काढून ठेवत, कारण रांगेतला पहिला थांबला की मागचे सगळे थांबत आणि सगळे तिथेच मेथी घेत. एकदा गावातल्या एका पोराची वरातसुद्धा अशीच निघाली होती. पुढे घोडा, मागे एका ओळीत बँडवाले, त्यांच्यामागे एका ओळीत वऱ्हाडी. अमरावतीहून आलेल्या पाहुण्यांना वाटलं गावात कोणी गेलं की काय, आणि त्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून हात जोडले.

हा सगळा प्रताप किसनराव तायडे गुरुजींचा. १९९३ साली ते चिंचखेडीच्या जिल्हा परिषद शाळेवर आले. वस्ती एका टोकाला, शाळा दुसऱ्या टोकाला, आणि मधे पाऊण किलोमीटर अमरावतीहून दर्यापूरमार्गे अकोल्याला जाणारा रस्ता. तेव्हा तो रस्ता म्हणजे डांबराची एक पट्टी होती. दिवसाला चार एसट्या, दोन-तीन जिपा, बाकी बैलगाड्या. तरीही गुरुजी आल्याच्या दुसऱ्याच महिन्यात शाळेत येणारं एक पोरगं मागून येणारी जीप पाहायला वळलं, आणि पाहता पाहता डांबरावर आलं. पाय मोडला. त्या रात्री गुरुजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या: डावी कड सोडायची नाही. मान सरळ. मागे पाहायचं नाही.

या तीन ओळी त्यांनी पंचवीस वर्षं पोरांच्या डोक्यात उतरवल्या. सकाळी ते वस्तीवर जात, रांग लावत आणि शिट्टी वाजवून रांग शाळेत आणत. संध्याकाळी परत नेऊन सोडत. मागे वळून पाहणाऱ्याला पाढा म्हणावा लागे, एकोणतीसचा. पंचवीस वर्षांत चिंचखेडीच्या एकाही पोराला पुन्हा खरचटलंसुद्धा नाही. पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, त्यांना पोरं झाली, पण रांग सुटली नाही. गुरुजींची बदली झाली तेव्हा अख्खं गाव अकोल्याला जिल्हा परिषदेत गेलं, आणि तेही बसस्थानकापासून कचेरीपर्यंत एका ओळीत. साहेबाने खिडकीतून ही ओळ पाहिली आणि बदली रद्द केली असं गावात सांगतात. साहेब घाबरला होता की खूश झाला होता हे कोणाला माहीत नाही.

गुरुजींना या सगळ्याचा अभिमान होता. थोडाथोडका नाही, भरपूर. २०१८ साली रिटायर होऊन ते अमरावतीला मुलाकडे राहायला गेले, तेव्हा कॉलनीतल्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींनाही त्यांनी रांगेत लावायचा प्रयत्न केला. बँकेतून आणि कोर्टातून रिटायर झालेली ती माणसं. ती हसली आणि चौघं चौघं हातात हात घालून रस्त्याच्या मधोमध फिरत राहिली. "अमरावती काय तुमची शाळा हाय?" असं त्यांच्या बायकोने, मनकर्णाबाईंनी विचारलं, तेव्हा गुरुजी म्हणाले, "असती त बरं झालं असतं."

तिकडे रस्ता रुंद झाला. सिमेंटचा झाला, गुळगुळीत झाला, कडेला पांढरी पट्टी आली आणि पट्टीच्या बाहेर चालायला हातभर मुरूम उरला. चार एसट्यांच्या जागी दिवसरात्र मालगाड्या धावायला लागल्या. चिंचखेडीची पोरं त्या हातभर मुरुमावरून, डाव्या कडेने, माना सरळ ठेवून शाळेत जातच होती. नव्या मुख्याध्यापिका गीतांजली मॅडम यांनी तर त्या तीन ओळी शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतल्या आणि खाली गुरुजींचं नाव टाकलं.

गेल्याच्या गेल्या डिसेंबरात ललित वानखडे गेला. ललित हा गुरुजींच्या अगदी पहिल्या तुकडीतला. रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर कामाला होता. सकाळी सातला काम संपवून तो पायी घरी येत होता. लख्ख उजेड होता, धुकं नव्हतं, रस्ता रिकामा होता. मागून एक भाजीची गाडी आली. ड्रायव्हरला डुलकी लागली असावी. गाडी पांढरी पट्टी ओलांडून मुरुमावर उतरली आणि ललितला पाठीतून घेऊन गेली. ललितच्या हातात मुलीसाठी घेतलेला बिस्किटाचा पुडा होता. त्याची बायको दीपमाला शाळेत पोरांची खिचडी शिजवते. तिला ही बातमी चुलीपाशी कळली. मुलगी करिश्मा तेव्हा तिसरीत होती आणि त्या वेळी रांगेतून शनिवारच्या सकाळच्या शाळेला येत होती.

गुरुजी अमरावतीहून मातीला आले. दीपमालाच्या समोर बसले आणि म्हणाले, "पोरी, माहा ललित लाईन सोडणारा नोहता. गाडीवाल्यानंच मारलं त्याले." दीपमालाने मान हलवली. त्या वेळी ते वाक्य दोघांनाही आधाराचं वाटलं.

नुकसानभरपाईचा दावा अकोल्याच्या कोर्टात लागला. ड्रायव्हरचं म्हणणं असं की माणूस अचानक रस्त्यावर आला. दीपमालाचे वकील कमलाकांत देशपांडे. साठीचे, सुपारी खाणारे, कागदावर तंबाखूची डबी ठेवून बोलणारे गृहस्थ. त्यांनी विचार केला, हा माणूस रस्त्यावर येणाराच नव्हता असं सांगणारा कोणी भला माणूस मिळाला तर बरं. दीपमाला म्हणाली, "गुरुजी हायेत न."

गुरुजी पांढरा शर्ट घालून, दाढी करून अकोल्याला गेले. साक्ष द्यायची त्यांना भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर त्यांना ती हवीच होती. इतकी वर्षं सत्कारात, शाल-नारळात जे सांगितलं ते आता कोर्टाच्या कागदावर लिहिलं जाणार होतं. दीपमाला मागच्या बाकावर बसली होती. ती अशा तऱ्हेने गुरुजींकडे पाहत होती की आता सगळं ठीक होणार.

समोरच्या बाजूने, म्हणजे विमा कंपनीकडून, अनुपमा सावजी नावाची एक तरुण वकीलबाई होती. तिने उठून नमस्कार केला. "गुरुजी, मीही जिल्हा परिषदेच्या शाळेतच शिकले," ती म्हणाली. गुरुजींना ती लगेच आवडली.

"ललित तुमचा विद्यार्थी होता?"

"होता. पहिली ते चौथी."

"शिस्तीचा होता?"

"एक नंबर. रांगेत पुढे मी त्यालाच ठेवायचो. त्याच्या मागे पन्नास पोरं चालायची."

"रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालायचा?"

"डाव्या. मरेपर्यंत त्यानं डावी कड सोडली नसेल, हे मी लिहून देतो."

"लिहूनच घेतोय आपण," ती म्हणाली, आणि टाइप करणाऱ्या बाईकडे पाहिलं. "म्हणजे गाड्या त्याच्या मागून यायच्या."

"डावीकडून चाललं की मागूनच येणार."

"मागून गाडीचा आवाज आला तर तो वळून पाहायचा का?"

इथे कमलाकांत वकिलांनी बसल्या जागी घसा खाकरला. गुरुजींना वाटलं त्यांना सुपारी लागली. "नाही," ते ठणकावून म्हणाले. "कधीच नाही. मी शिकवलंच तसं. मान सरळ, मागे पाहायचं नाही. पंचवीस वर्षं शिकवलं."

अनुपमाबाईंनी एक पातळ पुस्तिका पुढे केली. वाहतूक खात्याची. गुरुजींनी चष्मा लावला. चित्रात एक माणूस एका पोराचा हात धरून रस्त्याच्या उजव्या कडेने चालला होता आणि समोरून एक ट्रक येत होता. खाली लिहिलं होतं, की फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावं.

"असं कुठं असते?" गुरुजी म्हणाले.

"असंच आहे, गुरुजी. समोरून गाडी अंगावर येताना दिसली तर बाजूला उडी मारता येते. तुम्ही शिकवलेल्या पद्धतीत ललितला ती येताना दिसली असती का?"

गुरुजींनी न्यायाधीशांकडे पाहिलं. प्रश्नाचं उत्तर येत नसलं की पोरं त्यांच्याकडे जसं पाहत, तसं. न्यायाधीश खाली मान घालून लिहीत होते. गुरुजींनी आयुष्यात वर्गात खोटं उत्तर दिलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "दिसली नसती."

बाईने आभार मानले आणि ती खाली बसली.

बाहेर आल्यावर कमलाकांत वकील चिडलेले नव्हते, थकलेले होते. "गुरुजी, विचारलं तेवढंच सांगायचं असतं."

"मग खोटं बोलू?"

"खोटं नाही हो. कमी." त्यांनी सुपारी कातरली. "काळजी करू नका. गाडी पट्टीच्या बाहेर येऊन लागली हे पंचनाम्यात आहे. ती बाई म्हणणार, पायी चालणाऱ्याचीही हयगय होती. म्हणू दे. झोपेत गाडी चालवणारा तो, आणि दोष चालणाऱ्याच्या पाठीचा? कोर्टालाही डोळे आहेत." मग ते दुसऱ्या केसला गेले.

ते अगदी बरोबर बोलले होते. ललितला मारलं ते ड्रायव्हरने, यात काही वाद नव्हता. कायद्याने गुरुजींच्या अंगाला काही चिकटत नव्हतं. पण गुरुजींना आता कायद्याची काळजी नव्हती.

परतीच्या एसटीत गुरुजी आणि दीपमाला एकाच बाकावर बसले. तिला चिंचखेडीला उतरायचं होतं, त्यांना पुढे अमरावतीला जायचं होतं. मग पूर्णेचा पूल ओलांडल्यावर दीपमालाने विचारलं, "गुरुजी, थ्या वकीलबाई पुस्तकातून काय दाखोत होत्या? उजवीकून चालावं म्हने. खरं हाय का थे?"

गुरुजी खिडकीबाहेर पाहत होते. खारपाणपट्ट्यातलं ते काळं रान, मधूनच हरभरा. "वकील लोक काहीबी म्हणतात," ते म्हणाले. "त्यायचं कामच हाय थे."

"मले बी तसंच वाटलं," दीपमाला म्हणाली.

चिंचखेडीच्या फाट्यावर ती उतरली. वस्ती तिथून थोडी पुढे, अमरावतीच्याच दिशेने. ड्रायव्हर चहाला उतरला म्हणून गाडी पाच मिनिटं थांबली, तेवढ्यात ती निम्म्या वाटेवर पोचलीही. मग गाडी निघाली आणि गुरुजींना ती पुढच्या काचेतून दिसली. डावी कड. मान सरळ. ड्रायव्हरने हॉर्न दिला. ती वळली नाही. त्याने पुन्हा लांब हॉर्न दिला, आणि गाडी तिच्या अंगाला घासावी इतक्या जवळून पुढे निघून गेली. तिच्या पदराला वारा लागला, तेवढाच. "ह्या गावचे लोकं बहिरे हायेत का काय?" ड्रायव्हर कंडक्टरला म्हणाला.

गुरुजींना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटत होती. उद्या सकाळी बेचाळीस पोरं याच कडेने निघणार होती, आणि त्यांत करिश्मा. पाठी मागून येणाऱ्या गाड्यांकडे. हे थांबवायचं तर गावात जाऊन सांगावं लागणार होतं की मी चुकीचं शिकवलं. आणि तसं सांगितलं की दीपमालाला आत्ता जे सांगितलं ते खोटं ठरणार होतं. तिला हेही कळणार होतं की ललितने उजवी कड धरली असती तर त्याला गाडी दिसली असती.

अमरावतीला आल्यावर त्यांनी आधी चौकशी केली. माणूस चुकला की आधी चौकशीच करतो, आपली चूक नसेलच या आशेने. राजकमल चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाला त्यांनी विचारलं, की पायी माणसाने रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालावं. पोलिसाने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बाबा, इथं लोकं बाजूनं चालतच नाईत," तो म्हणाला, "अन् तुमी कोणती बाजू विचारून राहिले!" मग त्याला बिचाऱ्याला दया आली. "उजवी. समोरून येते थे दिसते न."

मग गुरुजी बडनेरा रस्त्यावर गेले. पंचवीस वर्षं त्यांनी रस्त्याने चालायचं शिकवलं होतं, पण एक गोष्ट त्यांनी कधी करून पाहिली नव्हती, आणि ती आता केली. अर्धा तास ते डाव्या कडेने चालले. गाड्या मागून येत, कानाजवळून जात, आणि गेल्यावरच कळे की गाडी गेली. मग अर्धा तास ते उजव्या कडेने परत आले. आता प्रत्येक गाडी त्यांना लांबून दिसत होती. ड्रायव्हरचं तोंड दिसत होतं. एक जण फोनवर बोलत होता. गुरुजी बाजूच्या नालीत उतरले आणि तो निघून गेला. इतकं सोपं होतं ते. पहिलीतल्या पोराला कळलं असतं, पण पहिलीतल्या पोराला त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

घरी येऊन त्यांनी मनकर्णाबाईंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"मंग जाऊन सांगा न त्याईले," त्या म्हणाल्या. "मले काय सांगता?"

"लोकं काय म्हणतीन?"

"म्हणतीन, गुरुजी चुकले. दुसरं काय म्हणतीन? अन् कोनाच्या लेकराले लागलं, मंग काय म्हणतीन?"

गुरुजी उठून बाहेरच्या खोलीत गेले. तिथे भिंतीवर त्यांचे सत्काराचे फोटो होते, सात. एका फोटोत मागे रांग दिसत होती आणि रांगेच्या पुढे लहानगा ललित, छाती काढून. तो फोटो त्यांना नीट पाहवेना.

आज जातो, उद्या जातो करत त्यांनी अकरा दिवस काढले. या अकरा दिवसांत त्यांनी आपल्या मनाला नाना कारणं दिली. परीक्षा जवळ आली आहे, गीतांजली मॅडमना वाईट वाटेल, मधे एकदा तर गुडघा दुखतो हेही कारण दिलं. खरं कारण एकच होतं, की दीपमालाच्या तोंडाकडे पाहून 'दिसली असती' हे दोन शब्द म्हणायची त्यांची छाती होत नव्हती. बाराव्या दिवशी त्यांच्या स्वप्नात काही आलं वगैरे नाही. सकाळी पेपरमध्ये दुसऱ्याच कुठल्या तरी गावची बातमी होती, रस्त्याने चालणाऱ्या दोन बायकांची. मागून धडक. गुरुजींनी पेपर घडी करून ठेवला आणि सातची दर्यापूर गाडी पकडली.

शनिवार होता, सकाळची शाळा. गीतांजली मॅडमने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा पडला.

"पण गुरुजी, भिंतीवर रंगवलंय ते," ती म्हणाली. "तालुक्याहून साहेब येतात, फोटो काढतात."

"पुसून टाका."

"तुमचं नाव आहे खाली."

"थेबी पुसा."

मग मधल्या सुट्टीत, खिचडी खाऊन झाल्यावर, पोरं पटांगणात बसली. बेचाळीस पोरं, चार ओळी, हात गुडघ्यावर. स्वयंपाकाच्या शेडच्या दारात दीपमाला हातात पळी घेऊन उभी होती. गुरुजी उभे राहिले. भाषणं त्यांनी शेकड्याने केली होती, पण आज त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"पोट्टेहो," ते म्हणाले, "मी तुमाले, तुमच्या मायबापाले, सगळ्याईले सांगतलं होतं, डाव्या कडेनं चाला. थे चुकीचं होतं. मले माईत नोहतं, म्या विचारलं नाई, अन् तसंच शिकवत राह्यलो. आजपासून उजव्या कडेनं चालायचं. समजलं?"

"होय गुरुजी!" बेचाळीस पोरं एका सुरात म्हणाली.

गुरुजी थांबले. "उजवीकून कावून, थे नाई विचारत?"

"कावून गुरुजी!" बेचाळीस पोरं एका सुरात म्हणाली.

मॅडमला हसू आलं. गुरुजींना आलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं: समोरून येणारी गाडी दिसते, मागून येणारी दिसत नाही. आणि ते सांगताना त्यांनी शेडच्या दाराकडे पाहिलं, कारण न पाहता सांगणं म्हणजे पुन्हा एकदा तेच झालं असतं.

"दीपमाला," ते म्हणाले, "त्या दिवशी एसटीत मी तुले खोटं सांगतलं. थ्या वकीलबाईचं खरं होतं. ललित उजवीकून चालत असता त त्याले गाडी दिसली असती."

दीपमालाने हातातली पळी खाली ठेवली.

"मले समजलं होतं, गुरुजी," ती म्हणाली. "तुमी खिडकीकडे पाहून बोलले होते."

तिच्या आवाजात राग नव्हता. माफीही नव्हती. गुरुजी दोन्हींपैकी काहीतरी मिळेल म्हणून उभे राहिले, पण ती आत गेली आणि पातेली ओढल्याचा आवाज आला.

शाळा सुटली. गुरुजी स्वतः रस्त्याच्या मधे उभे राहिले, दोन्ही हात पसरून दोन्हीकडच्या गाड्या थांबवल्या आणि पोरांना पलीकडे नेलं. उजव्या कडेला रांग लागली. सगळ्यात पुढे करिश्मा. चौथीत गेल्यापासून मॅडमने तिलाच पुढे ठेवलं होतं. रांग निघाली. समोरून कापसाचा एक ट्रक आला, लांबूनच दिसला. करिश्मा मुरुमावरून खाली गवतात उतरली, तिच्यामागे एकेक करून सगळी पोरं उतरली, ट्रक गेला, पोरं परत वर आली. गुरुजींच्या छातीवरचं ओझं जरा हललं. मॅडमने टाळी वाजवली. दीपमाला हात पुसत शाळेच्या फाटकापाशी येऊन उभी राहिली होती.

इतक्यात मागून, उलट्या बाजूने, एक मोटारसायकल आली. आपल्याकडे येतात तशी. फाट्यावर जायला पलीकडून वळसा कोण घेणार म्हणून पठ्ठ्या उजव्या कडेनेच निघाला होता, मागे दुधाचे दोन कॅन बांधून. तो हॉर्न वाजवत रांगेच्या मागून जवळ जवळ येत होता. पोरांच्या माना सरळ. एकाचीही वळली नाही. शेवटचं पोरगं पहिलीतलं होतं, पाठीवर दप्तर, आणि मोटारसायकल त्याच्यापासून दहा पावलांवर.

"मागे पाहा!" गुरुजी घसा फाटेस्तोवर ओरडले. "अरे, मागे पाहा!"

बेचाळीस माना एकदम मागे वळल्या. दूधवाला दचकला, ब्रेक दाबून तिरका झाला आणि दोन शिव्या देत रस्त्यावर जाऊन पुढे निघून गेला. कोणाला काही झालं नाही.

गुरुजी गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि श्वास घेत राहिले. मग त्यांनी वर पाहिलं. मोटारसायकल केव्हाच गेली होती. मागचा रस्ता रिकामा होता. पोरं जागच्या जागी उभी होती, पाय पुढे आणि तोंडं मागे, बेचाळीसच्या बेचाळीस, आणि गुरुजींकडे पाहत होती. समोरून आणखी एक ट्रक येत होता. अजून लांब होता. त्याच्याकडे कोणाचंच तोंड नव्हतं. सगळ्यात पुढे करिश्मा, तिची मान तर इतरांपेक्षाही जास्त वळलेली.

दीपमाला फाटकापाशी उभी होती. तिने पोरीकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं.

"हिचे बाबाबी असेच होते, गुरुजी," ती म्हणाली.

आणि ती पोरीला कडेला घ्यायला रस्त्याने पळत निघाली, कारण पुढे पाहा असं पोरांना अजून कोणी सांगितलं नव्हतं.